टायबरच्या खोऱ्यातील मराठे

इटलीच्या मध्यभागी, उंब्रिया प्रांतातील एका टेकडीवर मोंतोने नावाचे एक जुने तटबंदीचे गाव आहे. अरुंद दगडी गल्ल्या, चढउतारांच्या पायऱ्या, आणि खाली दूरवर टायबर नदीचे वरचे खोरे. हीच नदी पुढे रोमला जाते. पण येथे ती अजून लहान आहे. या गावाला आपल्या इतिहासाचा मोठा अभिमान, आणि त्या इतिहासाचा नायक म्हणजे ब्राच्चो दा मोंतोने हा सरदार. पंधराव्या शतकाच्या आरंभी त्याने वेतन घेऊन कधी या सत्तेसाठी, तर कधी त्या सत्तेसाठी तलवार चालविली, स्वतःसाठी राज्यही मिळविले, आणि १४२४ साली आक्विलाच्या लढाईत झालेल्या जखमांनी तो मरण पावला. वेतनासाठी लढला म्हणून मोंतोनेच्या लोकांनी त्याला कधी कमी लेखले नाही. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून आरंभीच सांगितलेली बरी.

याच गावात जुलै २०२३ मध्ये एका स्मारकाचे अनावरण झाले. स्मारक म्हणजे पुतळा नव्हे की स्तंभ नव्हे. ते आहे एक सूर्यघड्याळ. त्याला नाव दिले आहे ते कोकणातल्या एका तरुणाचे : नाईक यशवंत घाडगे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा हा नाईक १० जुलै १९४४ रोजी या परिसरातील लढाईत कामी आला. स्मारकावर लॅटिनमध्ये कोरलेल्या बोधवाक्याचा अर्थ असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो. समारंभाला भारताच्या राजदूत होत्या, इटलीच्या सैन्याचे अधिकारी होते, गावकरी होते. स्मारकामागे पुढाकार होता तो मोंतोनेच्या नगरपालिकेचा आणि इटलीतील काही लष्करी इतिहासकारांचा. एकोणऐंशी वर्षांनंतर परक्या देशातील एका खेड्याला परक्या मुलखातील एका शिपाईगड्याची आठवण व्हावी, हे विचार करण्यासारखे आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा. गाव पळसगाव, तालुका माणगाव. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आजचा रायगड. किल्ले रायगड येथून फार लांब नाही. पण त्या पिढीच्या जीवनात रायगडाच्या वैभवापेक्षा खोताच्या खळ्याची सत्ता अधिक जवळची होती. जमीन थोडी, तीही पुष्कळदा दुसऱ्याची. पीक एकच, भाताचे. याच जिल्ह्यातील चरी येथे शेतकऱ्यांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला, शेते पडीक ठेवली, पण खोताच्या अटी मानल्या नाहीत. खोती नष्ट करणारा कायदा आला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली. मधल्या काळात कोकणातल्या तरुणाला घर चालविण्याच्या दोन वाटा मोकळ्या होत्या : एक मुंबईच्या गिरणीकडे जाणारी, दुसरी पलटणीकडे. महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी शिपायाचा पगार दरमहा वीस रुपयांच्याही आत होता. तरीही पलटणीची मनीऑर्डर हा अनेक घरांचा आधार होता. कोकणच्या खेड्यात पोस्टमन वाडीत शिरला की किती दारे उघडली जात, हे जुन्या लोकांना वेगळे सांगायला नको.

पलटणीकडे जाणाऱ्या वाटेला प्रतिष्ठाही होती, हे विसरून चालणार नाही. मराठा पलटणींची परंपरा १७६८ पासूनची. बेळगाव हे १९२२ पासून त्यांचे केंद्र. बाप, चुलता, मामा अशांपैकी कोणीतरी मेसोपोटेमियात जाऊन आलेला असायचा, त्याच्या गोष्टी ओटीवर व्हायच्या. शिवछत्रपतींच्या नावाचा जयघोष करीत इंग्रजांच्या निशाणाखाली लढण्यात काही विसंगती आहे, हे त्या शिपायांना कळत नव्हते असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते कळत असावे. पण पोट, मान आणि सोबत्यांचा शब्द या तिन्ही गोष्टी माणसाला जवळच्या असतात, आणि साम्राज्य ही फार दूरची गोष्ट.

यशवंतरावांच्या तिसऱ्या पलटणीची इटालियन फौजेशी पहिली गाठ इटलीत पडली नव्हती. ती पडली आफ्रिकेत, एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांत. तेथे १५ मार्च १९४१ रोजी या पलटणीने 'फ्लॅट टॉप' नावाची टेकडी चढून घेतली. तिचे त्या वेळचे प्रमुख कर्नल डेनिस रीड पुढे आफ्रिकेतच शत्रूच्या हाती सापडले, इटलीत कैदेत पडले, कैदेतून निसटले, आणि १९४४ साली दहाव्या हिंदी डिव्हिजनचे सेनापती म्हणून त्याच इटलीत परतले. त्यांच्या हाताखाली ही त्यांची जुनी पलटणही होती. तेव्हा मोंतोनेच्या सूर्यघड्याळाची एक बाजू अशी, की ज्या पलटणीने इटलीच्या सैन्याचा पराभव केला, त्याच पलटणीच्या शिपायाचे स्मारक इटलीतील गावाने उभारले. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि तिचा पूर्वीचा मित्र जर्मनी तिच्या भूमीवर ठाण मांडून बसला. शत्रू आणि मित्र यांच्या जागा युद्धात किती झपाट्याने बदलतात, त्याचा हा नमुना.

इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन होत्या. सैनिक पन्नास हजारांहून अधिक. मृत, जखमी व बेपत्ता मिळून हानी २३,७२२. त्यांपैकी ५,७८२ जण परत आलेच नाहीत. त्या मोहिमेत दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा हिंदी सैन्यातील वीरांना मिळाले. आकडे एवढे पुरेत. मोहिमेचे स्वरूप मात्र ध्यानात घ्यायला हवे, कारण जगाच्या स्मरणातून ती लवकर निसटली. ४ जून १९४४ रोजी रोम पडले, आणि अवघ्या दोन दिवसांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले. वृत्तपत्रांची पहिली पाने तिकडे वळली. इटलीत मात्र एका नदीमागे दुसरी नदी, एका डोंगरामागे दुसरा डोंगर असे ते युद्ध पुढे अकरा महिने चालूच राहिले. जर्मन सैन्य उत्तरेकडील भक्कम तटबंदी सिद्ध होईपर्यंत वेळ काढीत, प्रत्येक टेकडीवर मशीनगनची ठाणी ठेवून मागे सरकत होते. अशा भूमीत मोटारीपेक्षा खेचर उपयोगी आणि रणगाड्यापेक्षा डोंगर चढणारे पाय. सह्याद्रीच्या कुशीत वाढलेल्यांना हे नवीन नव्हते.

टायबरच्या खोऱ्यातले जीवनही त्यांना अगदीच अनोळखी वाटले नसावे. तेथील कूळही मालकाच्या जमिनीवर अर्धेलीने शेती करीत असे. अर्धे पीक मालकाचे, अर्धे कुळाचे. ही पद्धत उंब्रियात युद्धानंतरही काही काळ टिकून होती. नांगराला मोठे, पांढरेशुभ्र बैल. शेताच्या कडेला दगडी घर, खाली गोठा, वर माणसे. ज्या डोंगरउतारांवर मराठे शिपाई जुलैच्या उन्हात चढत होते, तेथे गहू कापणीला आलेला असणार. इकडे त्यांच्या घरी तेव्हा लावणीचे दिवस होते.

१० जुलैला यशवंत घाडगे यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. पाहता पाहता तुकडीतील प्रत्येक जण ठार झाला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे घाडगे. त्यांनी मागे पाहिले नाही. पाहिले असते तरी तेथे कोणी नव्हते. ते सरळ त्या ठाण्यावर धावून गेले. प्रथम हातबाँब फेकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा यांचा निकाल लावला. मग तोफेजवळच्या एकाला गोळी घातली. गोळ्यांची पेटी संपली. नवी चढवायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना ठार केले. ठाणे पडले. इतक्यात आडून नेम धरून बसलेल्या शत्रूच्या बंदूकबाजांनी त्यांना टिपले, आणि तेथेच ते कोसळले. वय बावीस.

लंडनच्या गॅझेटात हे सर्व थोडक्या, कोरड्या शब्दांत नमूद आहे. ते वाचताना आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येतो तो केवळ शौर्यामुळे नव्हे. दस्त्याने मारणे ही क्रिया दूरून गोळी झाडण्यासारखी नाही. ती मारणाऱ्याला आणि मरणाऱ्याला एकमेकांचे चेहरे दाखवते. मरणारेही कुठल्यातरी जर्मन खेड्यातले शेतकऱ्यांचे मुलगे असू शकतील. वीरांची चरित्रे लिहिताना हा भाग सहसा गाळला जातो किंवा त्याला अलंकार घातले जातात. दोन्ही गोष्टी करू नयेत. त्या क्षणी त्या माणसाने आपल्या पडलेल्या सोबत्यांसाठी काय केले, ते जसे घडले तसे सांगणे हाच त्याचा मान.

घाडग्यांचे थडगे कोठेही नाही. त्यांचा देह मिळाला नाही, म्हणून त्यांचे नाव कासिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा चार हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांत कोरले आहे. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या तरुण पत्नीच्या हाती आला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या किती प्रवाशांना तो कोणाचा हे ठाऊक असते, हा प्रश्न विचारू नये हे बरे.

यशवंतरावांना जे मिळाले नाही ते, म्हणजे पुढचे आयुष्य, याच रेजिमेंटच्या दुसऱ्या एका वीराला मिळाले. शिपाई नामदेव जाधव हे अहमदनगर जिल्ह्यातले (आताचे अहिल्यानगर), घाडग्यांच्याच वयाचे. दोघांचे जन्म एकाच महिन्यातले, दोन दिवसांच्या अंतराने. ते पहिल्या पलटणीत, म्हणजे 'जंगी पलटणी'त, कंपनीचे निरोपे होते. निरोप्याचे काम हुकूम पोचविण्याचे. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी सेन्यो नदी ओलांडायची होती. नदी कसली, पंधरा फूट रुंदीचा प्रवाह. पण दोन्ही बाजूंना तीस-पस्तीस फूट उंचीचे उभे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात उंदरांच्या बिळांप्रमाणे खणलेली जर्मन ठाणी. वर सुरुंगांचा पट्टा. जाधव आपल्या कंपनी कमांडरबरोबर पाण्यातून पलीकडे गेले, तोच मागच्या बांधातून तीन ठाण्यांनी एकदम मारा सुरू केला. कमांडर आणि दोघे जण जखमी झाले. बाकीचे सगळे मेले. वाचले एकटे जाधव.

त्यांनी एका जखमीला खांद्यावर घेतले, खोल पाण्यातून परत आणले, सुरुंगांमधून तो उभा बांध चढून सुरक्षित जागी पोचविले. मग पुन्हा खाली उतरून दुसऱ्याला आणले. येथे थांबले असते तरी कोणी बोट दाखविले नसते. ते तिसऱ्यांदा गेले, ते त्या ठाण्यांवर. पहिले ठाणे टॉमी गनने गप्प केले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि हातबाँब घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी मागून आणले. उरलेली दोन्ही ठाणी अशी पडली. मग तो मनुष्य उखळी तोफांच्या माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उघडा उभा राहिला, आणि मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्यांना हात करून बोलावू लागला. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. दोन वर्षांनी अली हैदर यांचा मुलूख पाकिस्तानात गेला, त्यांची रेजिमेंटही गेली. आणि एकाच पाण्यात भिजलेल्या दोघा शिपायांची नावे दोन देशांच्या इतिहासात वेगवेगळी लिहिली जाऊ लागली. नामदेव जाधव हवालदार झाले आणि २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात वारले.

याच जंगी पलटणीची एक गोष्ट रणांगणाबाहेरची आहे, आणि ती येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्लोरेन्सजवळच्या मोंतेगुफोनी नावाच्या गढीत मराठ्यांचा मुक्काम पडला. गढीत पाहतात तो काय, दालनांमधून भिंतींना टेकवून ठेवलेली प्रचंड चित्रे! फ्लोरेन्सच्या संग्रहालयांतील अमोल ठेवा बाँबहल्ल्यांच्या भीतीने तेथे हलविलेला होता. त्यात जोत्तोची मॅडोना होती, बोतिचेलीची 'प्रिमाव्हेरा' म्हणजे वसंतलक्ष्मी होती. आसपास तोफा चालू असताना त्या चित्रांवर पहारा बसला तो मराठा शिपायांचा. जगातल्या कलारसिकांनी ज्या चित्रापुढे तासन्तास उभे राहावे, त्याच्यासमोर सातारा-रत्नागिरीचा एखादा जवान बंदूक घेऊन उभा असेल आणि मनात घरच्या भिंतीवरील लक्ष्मीच्या तसबिरीची आठवण करीत असेल, ही कल्पना सुखद आहे. इतिहासात तिची नोंद मात्र असणार नाही.

आता प्रश्न आपल्याकडचा. मोंतोने आठवण ठेवते. आपण काय ठेवतो? दिल्लीचे इंडिया गेट पहिल्या महायुद्धातील आणि १९१९ च्या अफगाण युद्धातील मृतांसाठी बांधलेले आहे. त्याच्याच शेजारी २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे उद्घाटन झाले, त्यावर स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची नावे सोन्याच्या अक्षरांत आहेत. दोन्ही योग्य आहेत. पण या दोहोंच्या मध्ये दुसरे महायुद्ध पडले आहे. अविभक्त हिंदुस्थानचे सुमारे सत्याऐंशी हजार सैनिक त्या युद्धात मेले. ते एका स्मारकाला उशिरा झाले आणि दुसऱ्याला लवकर. दिल्ली छावणीतील युद्धस्मशानभूमीत त्यांच्यापैकी पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक आहे हे खरे. ते राष्ट्रकुलाच्या आयोगाने सांभाळलेले आहे, आणि राजधानी पाहायला आलेले शाळकरी मुलगे-मुली सहसा तिकडे नेले जात नाहीत.

याला कारणे आहेत, आणि ती क्षुद्र नाहीत. यशवंत घाडगे पळसगावाहून पलटणीत गेले त्याच काळात देशात 'चले जाव'चा वणवा पेटला होता. साताऱ्याचेच उदाहरण घ्या. घरटी शिपाई देणारा तो जिल्हा, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकारही तेथलेच. एका घरातला एक भाऊ लिबियाच्या वाळवंटात, दुसरा पोलिसांना चुकवीत उसाच्या फडात, असे घडत होते. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे उपासमारीने मेली, ती याच साम्राज्याच्या कारभारात. स्वतंत्र राष्ट्राने स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांना आधी वंदन करावे यात गैर काहीच नाही. परंतु वंदनाचा क्रम ठरविणे वेगळे आणि उरलेल्यांना 'भाडोत्री' म्हणून निकालात काढणे वेगळे. भाडोत्री हा शब्द फार सहज वापरला जातो. वेतन घेऊन लढतो तो भाडोत्री, अशी व्याख्या केली तर जगातील प्रत्येक खडे सैन्य भाडोत्री ठरेल. शिवाय ज्या राजवटीविरुद्ध हे शिपाई लढले, ती नाझी राजवट होती. तिचा पराभव झाला नसता तर आशियातील परतंत्र देशांचे भविष्य अधिक उजळले असते, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

व्यवहाराच्या बाजूनेही या पिढीची आबाळ झाली. युद्धापुरती भरती झालेले लाखो जवान १९४६-४७ मध्ये घरी पाठविले गेले. निवृत्तिवेतनाला लागणारी वर्षे भरली नव्हती, म्हणून पेन्शन नाही. पदके पेटीत, कपडे अंगावर फाटेपर्यंत, आणि पुन्हा तीच भातशेती किंवा गिरणीचा साचा. पुढे राज्य सरकारांनी, त्यांत महाराष्ट्रानेही, दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अनुदान सुरू केले. ते आले तेव्हा पुष्कळांना घेता आले नाही. आता त्या पिढीतले जे थोडे हयात असतील ते शंभरीच्या आसपासचे. फील्ड मार्शल करिअप्पा ज्या दिवशी निवृत्त झाले त्या १४ जानेवारीला अलीकडे माजी सैनिक दिन पाळला जातो. जिल्ह्याजिल्ह्यांतील समारंभांत पहिल्या रांगेतील या खुर्च्या दरवर्षी कमी होत गेल्या.

पलटणी मात्र आपली आठवण निराळ्या रीतीने जपतात. घाडग्यांची तिसरी मराठा पलटण नंतर छत्रीधारी झाली आणि १९५२ पासून पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण म्हणून ओळखली जाऊ लागली. नावापुढे 'मराठा' हा शब्द राहिला. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व बंगालमध्ये टांगाइल येथे जी पलटण आकाशातून उतरली, पुंगलीचा पूल जिने ताब्यात घेतला, आणि जी पाचच दिवसांनी ढाक्यात पोचली, ती हीच. टायबरकाठच्या त्या बावीस वर्षांच्या नाईकाची परंपरा या जवानांनी आपली मानली होती. साम्राज्याची पलटण आणि स्वराज्याची पलटण अशी रेघ त्यांना मध्ये ओढावीशी वाटली नाही.

मोंतोनेचे सूर्यघड्याळ हातातल्या घड्याळाची वेळ दाखवीत नाही. ते दाखवते फक्त त्या टेकडीवरची, त्या गावच्या सूर्याची वेळ. माणगाव आणि मोंतोने यांच्या रेखांशांत सुमारे एकसष्ट अंशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या चालीने चार तासांचे. तेथे सकाळची सावली आठाच्या खुणेला टेकते, त्या वेळी पळसगावच्या शेतांवर सूर्य माथ्यावर आलेला असतो.